भाचीनं देव न मानणारा मुलगा पसंत केलाय, आपण श्रद्धा असणाऱ्यांनी कसं वागायचं?

माळकरी_मामा (खानापूर):

नमस्कार मंडळी. विषय घरचा आहे, पण आपल्या भागात आता घरोघरी येतोय म्हणून इथं मांडतोय. माझी भाची बेळगावात वडगावला असते, नोकरी करते, तिनं निपाणीकडचा मुलगा पसंत केलाय. शिक्षण, पगार, घरदार सगळं ताईला मान्य आहे. अडचण एकच, मुलगा देव मानत नाही. त्यानं लपवलेलं नाही, पहिल्याच भेटीत ताईसमोर सरळ सांगितलं की मी पूजा करत नाही, तुमची मुलगी करत असेल तर तिनं खुशाल करावी. ताईचं म्हणणं, ज्या घरात देवाला दिवा नाही तिथं पोरगी कशी द्यायची. आणि भाचीचं म्हणणं, मामा माळकरी आहे, मामा सांगेल तसं.

आमचं घर आजोबांच्या आधीपासून वारीचं. गावच्या पारायणात मी दरवर्षी बसतो, काकड्याला असतो. त्यामुळं मी नाही म्हणेन असं सगळ्यांनी धरलंच होतं. मी हो म्हणालो. का म्हणालो ते सांगतो, आणि तुमचं मत पाहिजे, कारण लग्न झाल्यावर कसं निभवायचं हा खरा प्रश्न पुढंच आहे.

एक तर आपल्याला हे नवीन नाही. आपल्याकडं गावोगावी महालक्ष्मीची यात्रा होते, काही गावात कितीतरी वर्षांनी एकदा, मग अख्खा तालुका पाहुणा येतो आणि घरोघरी मटण शिजतं. त्याच घरात त्याच दिवशी माळकऱ्यांची पंगत वेगळी असते. चूल वेगळी, पळी वेगळी, वाढणारा माणूससुद्धा मटणाच्या पातेल्याकडचा चालत नाही. बकऱ्याचा मान देवीला द्यायचा हे अर्ध्या गावाचं श्रद्धेचं काम आणि त्याला हात लावायचा नाही हे माझ्या श्रद्धेचं काम. म्हणजे मी त्या दिवशी एका अर्थी न मानणाराच असतो की. तरी मला कुणी मांडवातनं उठवत नाही, आणि रथ ओढायला दोरीला हात लावतो तेव्हा कुणी म्हणत नाही तू मटण खात नाहीस मग इथं कशाला आलास.

दुसरं, चिकोडी-निपाणीकडचा आपला जैन समाज बघा. ही सृष्टी कुणी ईश्वरानं निर्माण केली असं जैन मत मानत नाही. आचार्य शांतिसागर महाराज भोज गावचे, आचार्य विद्यासागर महाराजांचा जन्म सदलग्याचा, १९४६ चा. बेळगावच्या किल्ल्यातली कमल बस्ती १२०४ सालची आहे, म्हणजे आपण आठशे वर्षं शेजारी राहतोय. जगाला कर्ता आहे का नाही यावरनं कधी आपल्या बांधाला बांध लागायचा थांबला नाही.

आता मुद्द्याचं. मला वाटतं देव मानणाऱ्यानं जवळच्या न मानणाऱ्याशी वागताना दोन गोष्टी करायच्याच नाहीत. त्याला सुधारायला घ्यायचं नाही आणि त्याला खोटं वागायला लावायचं नाही. ताई म्हणाली, अगदी मनात नसलं तर नसू दे, पण लग्नात पूजेला बसू दे, चार लोकांना दाखवायला हात जोडू दे. मी म्हटलं, ताई, माझ्या विठ्ठलापुढं खोटा नमस्कार मला नको. तू ज्याला एवढं मानतेस त्याच्यासमोर तू एका प्रामाणिक पोराला नाटक करायला सांगतेस, आणि तेही माणसांना दाखवायला. यात देवाचा मान कुठं राहिला?

त्याच्याकडनं मागायचं ते वेगळं. घरात कार्य असलं तर हजर राहायचं, काम ओढायचं, आलेल्या माणसांशी नीट बोलायचं आणि पोराबाळांसमोर बायकोच्या देवाची टिंगल करायची नाही. एवढं हक्कानं मागावं. श्रद्धा मात्र मागून मिळत नाही, ती मागूही नये.

लिहा मोकळेपणानं. जे जगलंय ते लिहा.

रायबाग_पाटील:

मामा, तुमचा मान राखून सांगतो, मला हे पटत नाही. मैत्री ठेवा, शेजार ठेवा, व्यवहार ठेवा, पण सोयरीक वेगळी. नवरा-बायको रोज एका ताटाला बसतात. बायको रोज दिवा लावणार आणि हा शेजारी बसून मोबाईल बघणार, दोन वर्षांत तिचाही हात आखडतो हो. संगतीचा परिणाम होतो हे सगळ्या संतांनी सांगितलंय. आमच्या भावकीत एक पोरगी अशीच दिली, आता ती चिंचलीला मायाक्काच्या यात्रेलासुद्धा येत नाही, विचारलं की म्हणते वेळ नाही. वेळ नाही कसला, घरात विषयच निघत नाही तर कुठनं येणार.

आणि जैनांचं उदाहरण चालत नाही. त्यांना कर्ता ईश्वर नसेल, पण व्रत आहे, उपास आहे, मुनींची सेवा आहे, रात्री जेवत नाहीत, कंदमूळ वर्ज्य करतात. तुमच्या माझ्यापेक्षा कडक आहेत ते. न मानणाऱ्याला कसलंच बंधन नसतं, माझी भीती ती आहे.

माळकरी_मामा (खानापूर):

पाटील, जैनांचं बोललात ते बरोबर, त्यांचा आचार आपल्याहून कडक आहे. पण मग तुम्हीच सांगितलंत की बघायचं ते आचाराला. या मुलाचं मी तेच बघितलं. व्यसन नाही, आईला सांभाळतो, बहिणीच्या लग्नाचं कर्ज स्वतःच्या अंगावर घेतलं, हुंडा नको म्हणून आधीच सांगितलं. कपाळी बुक्का लावून हुंड्याची यादी काढणारी स्थळं मी ताईच्याच घरी चहा पिऊन गेलेली बघितलीत, तेव्हा कुणाला संगतीची काळजी वाटली नाही.

तुमच्या भावकीतल्या पोरीचं मात्र खरं असू शकतं. म्हणून तर मी भाचीला सांगितलं, तुझा दिवा तुलाच लावायचा आहे, तो लावणार नाही आणि आठवणही करणार नाही.

शहापूरची_अक्का:

मी लिहू का नको असं करत होते, पण मामांनी जगलंय ते लिहा म्हटलंय म्हणून लिहिते. आमचे हे देव मानत नाहीत. लग्नाला खूप वर्षं झाली. माणूस सोन्यासारखा, मला कधी कुठल्या देवाला जाऊ नको म्हटलं नाही, सौंदत्तीला यल्लम्माच्या डोंगरावर जायचं म्हटलं की गाडीत पेट्रोल भरून ठेवतात. तरीपण काय होतं सांगते. सत्यनारायण असतो तेव्हा जोडीनं बसायचं असतं. आमच्या घरात दरवेळी धाकटे दीर आणि जाऊबाई बसतात. मी सगळं सोवळ्यातलं करते, शिरा करते, चौरंग मांडते, केळीचे खुंट बांधते आणि मग बाजूला बसून कथा ऐकते. कुणी काही बोलत नाही, पण जाऊबाईनं नैवेद्य दाखवताना माझ्याकडं बघितलं की मला कळतं तिला काय वाटतंय.

भांडण नसतंच हो. एकटेपण असतं. पोराला ताप आला, रात्री मी देवासमोर बसले, तेव्हा वाटायचं हे माझ्या बाजूला नुसते येऊन बसले तरी चालेल, हात जोडू देत नाहीतर नको. एकदा मी ते बोलून दाखवलं. त्या दिवसापासून बसतात. काही म्हणत नाहीत, पेपर पण घेत नाहीत हातात. मामा तुम्ही हजेरी मागा म्हणालात ते मला म्हणूनच लागलं मनाला. पण भाचीला हे आधीच सांगा, की मागावं लागतं, त्यांना आपणहून सुचत नाही, कारण त्यांच्या लेखी तिथं काही घडतच नसतं.

माळकरी_मामा (खानापूर):

अक्का, तुमचं लिहिलेलं मी काल भाचीला जसंच्या तसं वाचून दाखवलं, ताई पण बसली होती. ताई काही बोलली नाही पण दोनदा वाचायला लावलं.

निपाणीचा_नातू:

मी दुसऱ्या बाजूचा. देव मानत नाही, घरात आई, आजी, बायको तिघी मानतात, आजी तर आडीच्या डोंगरावर दत्ताला जाऊन आल्याशिवाय कुठलं काम सुरू करत नाही. मला काय टोचतं ते सांगतो, म्हणजे तुम्हाला उपयोग होईल. पाहुण्यांसमोर आई देवाला म्हणते, ह्याला सद्बुद्धी दे. रागानं नाही, मायेनंच. पण मी तिथं उभा असतो आणि वीस माणसांसमोर मला बुद्धी नाही असं ठरतं. माझी बायको असं कधी करत नाही, ती प्रसाद देते, मी घेऊन खातो, संपलं. मी प्रसाद टाकत नाही, ती माझ्याकडनं भक्ती काढायला बघत नाही.

अजून एक. आमच्या घरात या विषयाला भीतीचा रंग आहे. २०१३ ला ऑगस्टमध्ये पुण्यात डॉ. नरेंद्र दाभोलकरांना मारलं, फेब्रुवारी २०१५ ला कोल्हापुरात गोविंद पानसरेंवर गोळ्या घातल्या, आणि त्याच वर्षी ३० ऑगस्टला धारवाडात कन्नडचे अभ्यासक डॉ. एम. एम. कलबुर्गींना त्यांच्या दारात. निपाणीतनं कोल्हापूरही जवळ आणि धारवाडही लांब नाही. त्या दिवसांत मी शाळा-कॉलेजात व्याख्यानाला जायचो, अंधश्रद्धेवर बोलायचो. आईनं माझी मोटरसायकलची चावी लपवून ठेवली होती. ती देवाला नवस बोलली माझ्या जिवासाठी. आता मी तो नवस मानत नाही, पण तो फेडायला तिच्याबरोबर गेलो, कारण ती माझ्यासाठी बोलली होती. मला वाटतं आई देवावर रागावून माझ्याकडं येईल अशी अपेक्षा मी कधी धरली नाही, तशीच तिनं मला ओढायची धरू नये. एवढंच मागणं आहे.

आणि कलबुर्गी सरांचं अख्खं आयुष्य वचन साहित्याच्या, म्हणजे बसवण्णा आणि लिंगायत शरणांच्या वचनांच्या अभ्यासात गेलं, हेही लोकांना माहीत असावं म्हणून लिहिलं. प्रश्न विचारणारा माणूस धर्माचा वैरीच असतो असं नाही.

बैलहोंगल_शरण:

आमच्याकडं लिंगायतात देवळाचा बडेजाव बसवण्णांनी बाराव्या शतकातच बाजूला ठेवला, इष्टलिंग आपल्या अंगावर. म्हणून माझ्या मते मूर्तीपुढं हात न जोडणाऱ्याला लगेच नास्तिक म्हणून टाकू नये. कामात प्रामाणिक आहे का ते बघा. मामांचं पटलं.

कॅम्पातली_सिस्टर_नव्हे_शिक्षिका:

मी ख्रिस्ती, बेळगाव धर्मप्रांतातली कॅथलिक. आमच्यात या प्रश्नावर फार जुना विचार झालाय म्हणून थोडं सविस्तर. बायबलमध्ये प्रेषित पौलानं करिंथकरांना लिहिलेल्या दोन पत्रांत दोन वेगवेगळ्या गोष्टी आहेत आणि लोक एकच उचलतात. दुसऱ्या पत्रात सहाव्या अध्यायात तो विश्वास न ठेवणाऱ्यांबरोबर विजोड जोडी करू नका म्हणतो. पण पहिल्या पत्रात सातव्या अध्यायात तोच पौल म्हणतो की कुणाची बायको किंवा नवरा विश्वास ठेवत नसेल आणि तरी एकत्र राहायला तयार असेल तर विश्वासी माणसानं त्याला सोडू नये. म्हणजे जोडताना विचार कर आणि जोडल्यावर टाकू नको. मला दोन्ही एकत्रच वाचावंसं वाटतं.

आमच्या चर्चचा नियमही तसाच आहे. बाप्तिस्मा न झालेल्याशी लग्न करायचं तर बिशपांची खास परवानगी लागते. त्यात वचन कॅथलिक बाजू देते, की मी माझी श्रद्धा सोडणार नाही आणि मुलांना कॅथलिक म्हणून वाढवायला माझ्या हातात असेल ते सगळं करेन. समोरच्याकडनं वचन घेत नाहीत, त्याला फक्त हे वचन दिलंय याची कल्पना द्यायची असते. मला यातलं हे आवडतं की ओझं मानणाऱ्यावर आहे. माझ्या चुलतबहिणीचा नवरा काहीच मानत नाही. नाताळच्या मिडनाइट मासला तो तिला सोडतो, मागच्या बाकावर बसतो, कम्युनियनला, म्हणजे पवित्र भाकर घ्यायला, उठत नाही आणि कुणी उठवतही नाही. आधी आमच्या आत्तीला लाज वाटायची. आता तीच त्याच्यासाठी मागची जागा धरून ठेवते.

पण मुलांचा प्रश्न लग्नाआधी बोला. मुलं झाल्यावर बोलू म्हणणारी जोडपी बाप्तिस्म्याच्या वेळी भांडताना मी बघितलीत, आणि त्यात आजी-आजोबा दोन्हीकडनं उतरतात.

रायबाग_पाटील:

मुलांचा मुद्दा बाईंनी बरोबर काढला. मामा, याचं काय? जावळ कुठं काढायचं, कुलदैवताला नेणार का नाही? आमच्याकडं ज्योतिबा, तुमच्याकडंही असेल.

माळकरी_मामा (खानापूर):

बोललोय पाटील, मीच विषय काढला. मुलगा म्हणाला जावळाला येईन, मूल धरून बसेन, मला चालेल. त्याचं एकच मागणं, पोराला देव रागावतो, डोळे काढतो, शिक्षा करतो असलं काही शिकवायचं नाही. मी म्हटलं हे तर मलाही चालत नाही, आमचा पांडुरंग विटेवर उभा आहे तो काय शिक्षा करायला? आणि भाचीनं मागितलं की पोरगं देवापुढं हात जोडत असताना तू हे सगळं खोटं आहे असं मध्येच म्हणायचं नाही, त्यानं आपणहून विचारलं की मग तुझं मत सांग. हे त्यानं कबूल केलं. पुढं पोरगं काय मानेल ते पोरगं ठरवेल. माझी स्वतःची दोन मुलं, एकानं माळ घातली एकानं नाही, घर तेच होतं.

सौंदत्ती_लेक:

मला मावशीचं सांगायचं आहे. मावशीच्या डोक्यात जट आली. आमच्या भागात जट म्हणजे यल्लम्माचं बोलावणं मानतात, कापायची नाही, हळद-भंडारा लावायचा आणि सांभाळायची. हळूहळू ती पाठीवर आली, ओली झाली की दोन दिवस वाळायची नाही, वास यायचा, उशीवर डोकं सरळ ठेवता यायचं नाही म्हणून मावशी कुशीवरच झोपायची आणि मान एका अंगाला कलली. तिचा मुलगा, माझा मावसभाऊ, दवाखान्यात कामाला, काही मानत नाही. त्याच्या ओळखीचे लोक म्हणाले झोपेत कापून टाक, एकदा गेली की कळेल काही होत नाही. त्यानं ते केलं नाही.

तो मावशीला म्हणाला, तू देवीला विचार, मी नेतो. पौर्णिमेच्या गर्दीत नाही, साध्या दिवशी घेऊन गेला. तिची परडी धरून रांगेत उभा राहिला. मावशी आत काय बोलली देवीशी ते तिलाच ठाऊक, बाहेर आली आणि म्हणाली आई म्हणते आता पुरे. मग घरी अंगणात ऊन यायच्या जागी पाट मांडून त्यानं खोबरेल तेल चोळून चोळून एकेक बट मोकळी करत कात्री चालवली, सकाळी बसले ते जेवणवेळ होऊन गेली. आतनं केस नारळाच्या काथ्यासारखे झाले होते आणि कातडीला फोड होते. मावशीनं जट हिरव्या खणात बांधली आणि पुढच्या वेळी स्वतः डोंगरावर नेऊन ठेवली, गाडी त्यानंच चालवली. मावशी अजून मंगळवार-शुक्रवार परडी भरते, श्रद्धा तसूभर कमी झाली नाही, मान मात्र सरळ झाली.

हे सांगायचं कारण, घरात एक न मानणारा माणूस असणं देवाच्या माणसालाही कधी कधी गरजेचं असतं. आम्ही सगळ्यांनी ती जट रोज बघितली, नमस्कार केला. दुखतंय का हे त्यानंच विचारलं.

शहापूरची_अक्का:

वाचून पाणी आलं डोळ्यात. असा मुलगा देव मानो न मानो, देवीलाच त्याची काळजी.

संकेश्वर_दादा:

सगळं ठीक, पण मरणाचं काय? लग्न, बारसं निभतं. वडील गेले आणि माझा धाकटा भाऊ म्हणाला मी मुंडन करणार नाही, पिंडाला बसणार नाही. भावकी खवळली. मी थोरला म्हणून मी केलं सगळं. पण खरं सांगू, वडील शेवटचे महिने अंथरुणाला होते तेव्हा रात्री उठून कूस बदलायला तोच होता, मी पुण्याला नोकरीवर. दहाव्याला कावळा शिवेना म्हणून लोक त्याच्याकडं बघायला लागले, जसं काय त्याच्यामुळंच थांबलाय. मला तिथं बोलायला पाहिजे असं वाटलं आणि बोललो, की वडिलांचं जे करायचं ते ह्यानं जिवंतपणी केलंय, त्याच्याकडं बघू नका. काकांना राग आला तो आला.

न मानणारा गेला तर काय करायचं यावर पण घरात बोलून ठेवा. आमच्या ह्या भावानं देहदानाचा अर्ज भरलाय, वहिनी माळकरी घरातली, तिला दहावं-तेरावं पाहिजे.

बैलहोंगल_शरण:

दादा, देहदानाचं आमच्या बैलहोंगलचंच उदाहरण आहे. डॉ. रामण्णावर यांनी देह दान केला आणि २०१० मध्ये बेळगावात त्यांच्या मुलानंच, तेही डॉक्टर, विद्यार्थ्यांसमोर त्या देहाचं विच्छेदन केलं. वडिलांची इच्छा पाळली म्हणून. देह देऊन टाकला तरी घरच्यांनी फोटोसमोर दिवा लावायचा, अन्नदान करायचं, त्याला कुणी आडवं येत नाही. वहिनींना तसं सांगा.

चिकोडी_वकील:

कायद्याचं थोडं, कारण फोनवर हेच प्रश्न येतात. मुलगा देव मानत नाही म्हणून तो कायद्यानं हिंदू राहत नाही असं काही नाही. हिंदू घरात जन्मला, दुसरा धर्म घेतला नाही, तर १९५५ चा हिंदू विवाह कायदा त्याला लागू होतो, पण त्यात लग्न चालीरीतीनं विधी करून लागावं लागतं. विधी नको असेल तर १९५४ चा विशेष विवाह कायदा. जिल्ह्यातल्या विवाह अधिकाऱ्याकडं नोटीस द्यायची, दोघांपैकी एकजण तरी त्या जिल्ह्यात किमान ३० दिवस राहिलेला पाहिजे, नोटीस लागल्यावर ३० दिवस हरकतीसाठी, मग ३ साक्षीदारांसमोर लग्न.

गावात एक अफवा आहे की असं रजिस्टर लग्न केलं की एकत्र कुटुंबातनं माणूस तुटतो आणि वाटणी जाते. तुटण्याचं कलम कायद्यात आहे, पण १९७६ च्या दुरुस्तीनंतर नवरा-बायको दोघेही हिंदू, बौद्ध, शीख किंवा जैन असतील तर ते लागू होत नाही. आणि वाटणीचा हक्क तसाही बुडत नाही.

अजून एक गैरसमज, अंधश्रद्धेचा कायदा आला म्हणजे हे न मानणारे लोक आपली भजनं बंद करणार. कर्नाटकाचा कायदा २०१७ चा, लागू झाला २०२० ला, त्यात यात्रा, प्रदक्षिणा, कीर्तन, भजन, प्रवचन यांना स्पष्ट सूट आहे. बंदी आहे ती भूत काढायच्या नावाखाली मारहाण, अंगारावरनं पोरांना चालवणं असल्या अमानुष प्रकारांना. दाभोलकर स्वतःही सांगायचे की आमचा विरोध देवाधर्माला नाही, त्याच्या नावावर होणाऱ्या शोषणाला आहे.

निपाणीचा_नातू:

वकीलसाहेब, यात महात्मा फुल्यांची आठवण काढायला पाहिजे. सत्यशोधक समाज त्यांनी १८७३ ला काढला, भटाशिवाय लग्नं लावली, पण ते स्वतः निर्मिक, म्हणजे जग निर्माण करणारा, मानणारे होते, नास्तिक नव्हते. आणि त्यांचं शेवटचं पुस्तक, सार्वजनिक सत्यधर्म, १८९१ ला ते गेल्यावर छापलं, त्यात एका कुटुंबाचं चित्र आहे. आईनं बौद्ध व्हावं, नवऱ्यानं ख्रिस्ती, मुलीनं मुसलमान, मुलानं सत्यधर्मी, प्रत्येकानं आपापलं पुस्तक वाचून पटलं तर, आणि तरी सगळ्यांनी एका घरात कुणाचा हेवा-द्वेष न करता प्रपंच करावा. माझ्या बायकोला मी ते लग्नाआधी वाचायला दिलं होतं. ती म्हणाली यात माझ्या अंबाबाईला पण जागा आहे म्हणजे चालेल.

रायबाग_पाटील:

मी अजून माझ्या मतावर आहे. माझ्या लेकीला मी असं स्थळ बघणार नाही. पण तिनं स्वतः आणलं तर काय करीन यावर या चर्चेनं मला विचार करायला लावला हे मान्य करतो. दार बंद करणार नाही एवढं नक्की. जटेचं वाचलं तेव्हा आमच्या वाड्यावरची एक म्हातारी आठवली.

शहापूरची_अक्का:

मामा, पुढं काय झालं तेवढं सांगा.

माळकरी_मामा (खानापूर):

सांगतो. काल दोन्ही घरची बैठक झाली. मुलाची आई वारकरी निघाली, तिच्या गळ्यात माळ बघून ताईचा अर्धा राग तिथंच उतरला. त्या बाईनं सांगितलं, माझा पोरगा देवळात येत नाही पण मला पंढरपूरच्या गाडीत बसवून दिल्याशिवाय कामावर जात नाही, तुमची लेक आली तर माझ्या देवघराला सोबत होईल. म्हणजे त्या घरात दिवा आधीपासून होताच.

ठरलं असं की लग्न विशेष विवाह कायद्यानं, नोटीस बेळगावात द्यायची. साक्षीदारांत मी आहे, मुलाकडनं त्याचे चुलते आणि एक मित्र. मग ताईच्या घरी गोंधळ, तो भाचीसाठी आणि ताईसाठी. मुलगा पूर्ण वेळ थांबणार, पाहुण्यांना वाढणार, दिवटीला तेल घालायला सांगितलं तर घालीन म्हणाला, हात जोडा म्हणून कुणी आग्रह करू नका म्हणाला. ताईनं त्याला विचारलं, ज्योतिबाला जोडीनं जायचं असतं, त्याचं काय? येईन, रांगेत तिच्याबरोबर उभा राहीन, म्हणाला. ताई म्हणाली एवढं पुरे मला.

भावकीतले दोन जण येणार नाहीत असं कळलंय. त्यांच्या घरी मी स्वतः पत्रिका घेऊन जाणार आहे, लग्नाआधीही आणि नाही आले तर नंतर पेढे घेऊनही.

आता मदत पाहिजे ती सांगतो. गोंधळाला वडगाव-शहापूर भागात चांगली पार्टी कुणाला माहीत आहे का, संबळ-तुणतुणं वाजवणारी, स्पीकरवर सिनेमाची गाणी लावणारी नको. आणि जेवणाला दोन्हीकडचे माळकरी बरेच आहेत, त्यामुळं शाकाहारीच करायचं आहे, ३०० माणसांचं. आचारी कुणाच्या ओळखीचा असेल तर मेसेजमध्ये नंबर पाठवा, इथं उघड्यावर नको.